रेव्हरंड फर्डिनांड किटेल : कानडी बोलीचे सेवक

सोलापूर, अक्कलकोट व जत या बाजूंच्या आमच्या वाचकांस कानडी भाषा परकी नाही. शेजारी, बाजारात, कित्येकांच्या घरांतही ती बोलली जाते. इतर वाचकांसही ती वाटते तितकी दूरची नव्हे. तूप, अक्का, अण्णा हे शब्द आपण रोज उच्चारितो, आणि ते मूळचे कानडी घरचे आहेत. अशा या शेजारणीची ज्या परदेशी मनुष्याने चाळीस वर्षे सेवा केली, त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. कर्नाटकात त्यांचे नाव शाळेतल्या मुलांसही ठाऊक आहे. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत मात्र ते फारसे कानी पडलेले नाही. त्यांचे नाव रेव्हरंड फर्डिनांड किटेल.

जन्म व शिक्षण

किटेल साहेबांचा जन्म ७ एप्रिल १८३२ रोजी जर्मनीच्या वायव्य टोकास, समुद्रकाठच्या पूर्व फ्रीसलंड नामक प्रांतातील रेस्टरहाफे या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील तेथील पाळक होते. त्या प्रांताची एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. तेथे उपासनामंदिरात व शाळेत ग्रंथांतली जर्मन भाषा चाले. परंतु शेतात, होडीवर व चुलीपाशी लोक आपली निराळी बोली बोलत. तिला पंडितांच्या सभेत मान नव्हता. असा दुहेरी भाषाव्यवहार आपल्या खेड्यांतही आहे, हे वाचकांस सांगावयास नको. पुस्तकातली वाणी एक व आईच्या तोंडची एक, हे ज्या मुलाच्या कानांनी लहानपणीच अनुभविले, त्यास पुढे परमुलुखात जाऊन तोच भेद ओळखता आला, यात आश्चर्य नाही.

१८५० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हा तरुण स्वित्झर्लंडातील बासेल शहरी मिशनच्या विद्यालयात दाखल झाला. बासेल मिशनची स्थापना १८१५ साली झाली होती व त्याचे पहिले सेवक १८३४ साली मंगळुरास उतरले होते. ज्या मंगळुरी कौलांखाली आपल्यापैकी पुष्कळ जण राहतात, ती कौले करण्याचा कारखाना याच मिशनने पुढे १८६५ साली काढिला. मंगळुराहून त्यांचे काम घाट चढून धारवाड, हुबळी, गदगजवळील बेटगेरी व गुळेदगुड्ड या गावांपर्यंत पसरले होते. १८५३ साली, एकवीस वर्षांचे किटेल हिंदुस्थानात आले, आणि धारवाडाकडील ठाण्यांवर त्यांची नेमणूक झाली.

धारवाडाकडील मुलूख व तेथील बोली

त्या मुलखास इंग्रज लोक दक्षिण मराठा मुलूख म्हणत. नावात मराठा असला तरी तेथील शेतकरी, कोष्टी, धनगर व लिंगायत वाणी यांची भाषा कानडीच होती. १८१८ सालापर्यंत तेथे पेशव्यांचा व त्यांच्या सरदारांचा अंमल होता. पुढे तो भाग मुंबई इलाख्यात गेला. म्हणून कचेरीत मराठी, दप्तरात मोडी आणि बऱ्याच शाळांतही मराठीच चाले. कानडी मुलास शिकावयाचे तर प्रथम परक्या भाषेचा उंबरा ओलांडावा लागे. पुढे डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या तळमळीच्या गृहस्थांनी खटपट करून कानडी शाळा वाढविल्या.

अशा स्थितीत तेथील कानडी बोलीवर दोन बाजूंनी अवहेलना येई. कचेरीतला कारकून तिला अडाण्यांची भाषा समजे, आणि म्हैसुराकडील विद्वान तिला अशुद्ध कानडी समजत. वास्तविक ती मोठी जोमदार बोली आहे. म्हैसुराकडे घरास मने म्हणतात, तर धारवाडचा मनुष्य मनि म्हणतो. आदराने बोलावयाचे असता तो शब्दाच्या शेवटी री लावतो; होय म्हणावयाचे तर हौद्री, या म्हणावयाचे तर बर्री. पुष्कळ या अर्थी तो भाळ म्हणतो. म्हैसुराकडील नोकर संबळ घेतो, धारवाडचा नोकर आपल्यासारखाच पगार घेतो. म्हैसुराकडील खेडूत नाचणीचा मुद्दा खातो, तर धारवाडचा जोंधळ्याची रोट्टी खातो. जशी शेतातली पिके निराळी तशीच तोंडातली भाषाही निराळी, पण भूमी एकच. कानडीच्या अशा शाखा आणखीही आहेत. शिरशीकडील हव्यक ब्राह्मणांची एक, कुंदापुराकडील एक, आणि निलगिरी पर्वतावरील बडग लोकांची एक. यांतील शेवटचीस काही पंडित कानडीची बोली म्हणतात, काही स्वतंत्र भाषा म्हणतात.

लोकांमध्ये राहण्याचा हट्ट

किटेल साहेबांनी भाषेचा अभ्यास मन लावून केला. परंतु केवळ मुन्शीजवळ बसून पुस्तके वाचण्याने त्यांचे समाधान होईना. ज्यांना सुवार्ता सांगावयाची त्यांच्यासारखे राहिले पाहिजे, त्यांचे खाणेपिणे, त्यांचे गाणे, त्यांच्या चालीरीती जाणल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. पौल प्रेषिताने लोकांस जिंकण्याचा जो मार्ग करिंथच्या मंडळीस लिहून कळविला, तोच त्यांनी धरिला. कानडी मनुष्यासाठी आपण कानडी व्हावे, हा त्यांचा निश्चय होता. ते खेड्यांत जात, लोकांत बसत, त्यांचे संगीत ऐकत. लोकही भीड सोडून त्यांच्याकडे येत, आणि बोलता बोलता आपल्या भाषेचा खजिना त्यांच्यापुढे उघडा करीत.

मिशनच्या वरिष्ठांस ही चाल रुचली नाही. किटेल हे उत्तरेकडील जर्मन, विद्येचे व्यसनी, आणि आपल्या मताचे. मिशनमधील पुष्कळ बंधू दक्षिणेकडील, साध्या कारागीर व शेतकरी घरांतले. तेव्हा मने मिळणे आधीच कठीण होते. त्यांस एकीकडच्या ठाण्यावर धाडण्यात आले व मुख्य कामापासून दूर ठेवण्यात आले. येथे आम्ही वरिष्ठांची बाजूही सांगणे न्यायाचे समजतो. मिशनचा पैसा जर्मनी व स्वित्झर्लंडातील गरीब कुटुंबांनी पै पै करून दिलेला होता. तो सुवार्तेच्या घोषणेसाठी होता. एक तरुण सेवक गाणी ऐकतो, ताडपत्रे जमवितो, शब्द लिहून घेतो, याचा हिशेब त्या देणाऱ्यांस काय द्यावा, हा प्रश्न त्यांस खरोखर पडला असेल. त्यांची चूक एवढीच की जे बी उशिरा उगवणार होते, त्याचे पीक त्यांनी पहिल्याच पावसानंतर मागितले.

अशा प्रसंगी बहुत लोक नोकरी सोडून जातात, किंवा जागेवर राहून मन कडू करून घेतात. किटेल साहेबांनी दोहोंपैकी काहीच केले नाही. जेथे पाठविले तेथे ते गेले; मंगळूर, कोडगूतील मडिकेरी, पुन्हा धारवाड; आणि जेथे गेले तेथल्या लोकांच्या तोंडचे शब्द त्यांनी टिपून ठेविले. दूरच्या ठाण्यावर धाडणे ही त्यांच्या कामास अडचण न होता उलट मदतच झाली, कारण एका गावी राहून एकच बोली कळली असती. देव मनुष्याच्या रागाचाही उपयोग करून घेतो, याचे हे एक उदाहरण आहे.

कथामाला व जुने ग्रंथ

१८६२ साली त्यांनी कथामाला नावाचे कानडी काव्य प्रसिद्ध केले. त्यात प्रभु येशूचे चरित्र देशी चालीवर गाता येईल असे रचिले आहे. कानडी ख्रिस्ती गीतांचे जे काम आधीपासून चालले होते, ते किटेल साहेबांनी पुढे चालविले. आपल्या मराठी मंडळ्यांस हा विषय जवळचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तायन आरंभिले ते १९०९ साली. कथामाला निघाली तेव्हा टिळक तान्हे बालक होते. विलायती चालींची गीते आपापल्या जागी चांगली आहेत. पण गुरे राखणाऱ्या मुलाच्या ओठी सहज येते ते त्याच्या मुलखाचे गाणे, हे दोघांनीही ओळखिले होते.

यानंतर त्यांचे लक्ष जुन्या ग्रंथांकडे वळले. कानडीचे वाङ्मय हजार वर्षांहून जुने आहे, पण ते बहुतेक ताडपत्रांवर, मठांत व बस्त्यांत पडून होते. केशिराज नावाच्या जैन पंडिताने तेराव्या शतकात कानडीचे व्याकरण लिहिले, त्याचे नाव शब्दमणिदर्पण. ते किटेल साहेबांनी १८७२ साली शोधून छापविले. नागवर्मा नामक त्याहून जुन्या कवीने वृत्तांवर ग्रंथ केला होता, त्याचे नाव छंदोम्बुधि. तो त्यांनी १८७५ साली प्रसिद्ध केला. हे दोन्ही ग्रंथकार ख्रिस्ती नव्हते. तरी किटेल साहेबांनी त्यांच्या एकेक अक्षरास जपले, कारण ज्या लोकांची आपण सेवा करितो, त्यांच्या पूर्वजांच्या श्रमांचा मान राखणे हाही प्रीतीचाच भाग आहे, असे त्यांच्या कृतीवरून दिसते. देवधर्माविषयीचे त्यांचे काही विचार मात्र आज कोणी विद्वान जसेच्या तसे स्वीकारणार नाही. लिंगपूजेच्या उगमावर व यज्ञांवर त्यांनी निबंध लिहिले. पुढील संशोधनाने त्या विषयांचे ज्ञान पुष्कळ पालटले आहे.

शब्दकोश

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. मराठीचा मोल्सवर्थ साहेबांचा कोश १८३१ साली निघाला, हे शिकलेल्या वाचकांस माहीत असेल. कानडीचाही एक कोश १८३२ साली रीव्ह साहेबांनी केला होता, पण तो भाषेच्या विस्ताराच्या मानाने अपुरा पडू लागला. तेव्हा नवा व पूर्ण कोश करण्याचे काम किटेल साहेबांकडे आले. ज्या अभ्यासासाठी त्यांस दोष लागला होता, त्याच अभ्यासासाठी आता त्यांची गरज पडली.

हे काम वीस वर्षांहून अधिक चालले. रीत अशी होती. प्रथम जुन्या ग्रंथांतून शब्द काढावयाचा, तो कोणत्या ग्रंथात आला आहे ते लिहावयाचे. मग त्याचे भाईबंद तामिळ, तेलुगू, मल्याळम् व तुळू या भाषांत शोधावयाचे. तो संस्कृतातून आला असेल तर तसे नोंदावयाचे. मराठीत त्यासारखा शब्द असेल तर तोही दाखवावयाचा. जुन्या कानडीतील प हा नव्या कानडीत ह झाला आहे. दूध पूर्वी पाल् होते, आता हालु आहे. फूल पूर्वी पू होते, आता हूवु आहे. हा क्रम ठाऊक नसला तर एकच शब्द दोन म्हणून मोजला जाईल. शब्दाचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून किटेल साहेबांनी लोकांच्या म्हणीही ठिकठिकाणी घातल्या आहेत.

परंतु आमच्या मते या कोशातील मोठी गोष्ट निराळीच आहे. जो शब्द कोणत्याही ग्रंथात नाही, केवळ लोकांच्या तोंडी आहे, त्यासही त्यांनी जागा दिली. आणि तो कोठे ऐकिला जातो याची खूण त्यापुढे घातली. दक्षिण मराठा मुलखातला शब्द असेल तर त्या मुलखाची खूण, म्हैसुराकडील असेल तर म्हैसुराची खूण. याप्रमाणे धारवाडच्या कोष्ट्याचा शब्द राजकवींच्या शब्दाशेजारी त्याच पानावर बसला. कोणत्याही पंक्तीस उठवून त्यास ओटीवर बसविण्यात आले नाही. कचेरीने ज्यास अडाणी म्हटले व विद्वानांनी ज्यास अशुद्ध म्हटले, त्यास या पाळकाच्या पुत्राने केवळ गावाचे नाव विचारिले आणि आत घेतले.

हे काम एकट्याचे नव्हते. कानडी ख्रिस्ती बंधू व इतर जाणते गृहस्थ त्यांस साहाय्य करीत. सरकारनेही खर्चास मदत केली. तथापि भार मुख्यतः त्यांच्याच खांद्यावर होता, आणि त्याची किंमत घरादाराने मोजिली. त्यांची पहिली पत्नी पाउलीन लवकरच मरण पावली. पुढे तिची बहीण यूलिये हिच्याशी त्यांचा विवाह झाला. मध्यंतरी ते स्वदेशी परत गेले होते; पण कोशाचे काम कानडी लोकांवाचून पुरे होईना. म्हणून १८८३ साली, पन्नाशी उलटल्यावर, कुटुंबास तिकडेच ठेवून ते पुन्हा इकडे आले व सुमारे नऊ वर्षे राहिले. त्या काळी पत्र जावयास आठवडेच्या आठवडे लागत. मुले तिकडे वाढत होती, आणि बाप इकडे दिव्यापुढे चिठ्ठ्या लावीत होता. अशा त्यागास बाहेरून कोणी हुतात्मपण म्हणत नाही. पण तो लहान नव्हे.

१८९२ साली ते हिंदुस्थान कायमचे सोडून जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे राहावयास गेले. १८९४ साली मंगळुराच्या बासेल मिशन छापखान्यातून कोश बाहेर पडला. त्यात सुमारे सत्तर हजार शब्द असून पाने सतराशेंहून अधिक आहेत. किटेल साहेब तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. १८९६ साली ट्यूबिंगेनच्या विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. त्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. जुनी, मधली व नवी अशा कानडीच्या तिन्ही अवस्थांचे व्याकरण त्यांनी लिहिले, ते १९०३ साली मंगळुरास छापून निघाले. त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात ट्यूबिंगेन येथे ते प्रभूमध्ये निजले.

त्यांच्या मागून

मनुष्य गेला, काम राहिले. मद्रास विद्यापीठाने मरियप्प भट्ट यांच्याकडून या कोशाची वाढविलेली आवृत्ती १९६८ सालापासून चार भागांत काढविली. १९५६ साली धारवाडचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्यास कर्नाटक हे नाव मिळाले. बंगळुरात किटेल साहेबांचा पुतळा उभा आहे, व धारवाडास त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. ज्यास एके काळी स्वतःच्याच मिशनने कोपऱ्यात बसविले, त्याचा पुतळा आज भर रस्त्यावर उभा आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आणि त्या धारवाडी बोलीचे काय झाले? कोश निघाल्यावर दोन वर्षांनी, १८९६ साली, धारवाडास दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म झाला. त्यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि पुढे कित्येक वर्षे ते सोलापूरच्या कॉलेजात प्राध्यापक होते. या मराठी घरच्या पुत्राने धारवाडच्या रस्त्यावरची कानडी उचलून तिच्यात थोर कविता केली, व १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. ज्या बोलीस अडाणी म्हणत, ती अशी सिंहासनावर बसली. बोलीत बळ आधीपासूनच होते. किटेल साहेबांनी ते निर्माण केले असे आम्ही म्हणत नाही. पण जेव्हा फार थोड्यांस ते दिसत होते, तेव्हा त्यांनी ते पाहिले व लिहून ठेविले.

एक उणीवही सांगितली पाहिजे. कोशातील अर्थ इंग्रजीत आहेत. ज्या शेतकऱ्याचे शब्द त्यात गेले, त्यास तो उघडून वाचता येत नव्हता. लोकांकडून घेतलेले धन लोकांच्या हाती परत देण्याचे काम पुढील पिढ्यांस, त्यांच्याच भाषेत कोश करून, पुरे करावे लागले.

आपणांस बोध

प्रिय वाचकहो, आणि विशेषतः खेडोपाडी फिरणारे उपदेशक बंधू, या चरित्रात आपल्यासाठी काय आहे? आपल्यापैकी पुष्कळांस आपल्या गावच्या बोलीची लाज वाटते. शाळेत चार बुके वाचिली की घरातील शब्द टाकून द्यावेसे वाटतात. व्यासपीठावर उभे राहिलो की तोंडून अशी भाषा निघते की समोरची म्हातारी मान डोलाविते, पण तिच्या अंतःकरणात काही उतरत नाही. महायाजकाच्या वाड्यात पेत्र शेकत उभा होता, तेव्हा तो गालीलकर आहे हे त्याच्या बोलीवरूनच ओळखिले गेले. त्या रात्री त्या बोलीने त्यास भय वाटले. परंतु त्याच गालीलकरांच्या तोंडाने प्रभूने पुढे आपले काम चालविले, आणि पन्नासाव्या दिवशी जमलेल्या प्रत्येकास आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. देवाने त्या दिवशी सर्वांस एक राजभाषा शिकविली नाही, हे विसरू नये.

यास्तव ज्या वस्तीत आपले काम आहे, तेथील शब्द कान देऊन ऐकावे. नांगराच्या भागांची नावे, पावसाच्या प्रकारांची नावे, आजाऱ्यास धीर देण्याच्या रीती, लेकीस सासरी पाठविताना आया बोलतात ते बोल, हे एखाद्या वहीत लिहून ठेवावे. दोनप्रहरी काम संपल्यावर चार शब्द लिहावयास फार वेळ लागत नाही. म्हाताऱ्यांबरोबर हे शब्द जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

आणि ज्या बंधूंचे काम आज कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, ज्यांस वरिष्ठांचा गैरसमज सोसावा लागतो, त्यांनी किटेल साहेबांच्या मधल्या वर्षांकडे पाहावे. त्यांनी भांडून आपली जागा मिळविली नाही, व रुसून कामही टाकिले नाही. पाठविले तेथे गेले आणि समोर बसलेल्या मनुष्याचा शब्द प्रीतीने ऐकिला. त्याचे फळ हाती यावयास चाळीस वर्षे लागली. प्रभु आपणां सर्वांस अशी सहनशीलता व असे कान देवो.